पालीच्या विहिरीतले डावे शंख

सन १९३७, फाल्गुनातला शनिवार. जागा भोरच्या शाळेची पडवी. हजर तिघे: शाळामास्तर म्हणजे मी, पालीचे विहीर खोदणारे बाबा, आणि पुण्याच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. टेबलावर खोकं, त्यात सतरा दगड. प्रत्येकाला माझ्या हातची चिठ्ठी: 'पाली, विहीर, बारा हातांवर'.

बारा हातांवर काळा कातळ संपून राखी मातीचा वीतभर पट्टा लागला होता. पट्ट्याखाली पुन्हा कातळ. त्या मातीत दगड झालेले इवले शंख होते. बाबांनी एकही न फोडता ते काढले आणि धोतराच्या सोग्यात बांधून भोरला चालत आणले.

प्राध्यापकांनी समजावलं ते मी टिपून घेतलं. तेव्हा घाट नव्हता, सह्याद्रीच नव्हता. जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहायचा, पसरायचा, निवायचा. मग हजारो वर्षं शांतता. दमट, उष्ण हवा. धो धो पाऊस. खोलगट जागी तळी, काठाला लव्हाळं, पाण्यात शंखातल्या गोगलगाई. पुढचा रस आला की तळं झाकलं जायचं. माणूस अजून यायचाच होता. डोंगर आणि खोरी पाण्याने फार नंतर कोरली.

बाबा इतका वेळ एक शंख बोटात फिरवत होते. म्हणाले, "सायेब, आमच्या भातखाचरातल्या गोगलगाईचं तोंड उजवीकडं असतंय. ह्येचं डावीकडं हाय."

"अहो, तुम्ही उलटा धरलाय," प्राध्यापक हसले.

"टोक वरच धरलंय, तरी तोंड डावीकडंच हाय. धरून बगा."

त्यांनी धरून पाहिला. मग हसले नाहीत. खोकं घेऊन पुण्याला गेले.

दिवाळीला मासिकात त्यांचा लेख आला. 'तोंड डावीकडे असल्याचे माझ्या ध्यानात आले.' माझं नाव नव्हतं, ते चाललं असतं. पण पुढे होतं, 'खोदणाऱ्या अडाणी मजुराला हे देवाचे खडे वाटले.' बाबांना मी ते वाचून दाखवलं.

"म्या असं कदी म्हनलं, मास्तर?"

"नाही म्हणालात."

"मग छापलं कुणी?"

त्याच लेखात मला दुसरी एक ओळ सापडली: 'घाटाखालील पाली.' आम्हा भोर-वेल्ह्याच्या माणसांना पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याची. घाटाखालच्या पालीला आम्ही गणपतीची पाली म्हणतो. चिठ्ठीवर जास्त लिहायची गरज मला वाटली नव्हती. त्यांनी विचारलंही नव्हतं. चूक दिसताच मी अंक मिटला आणि गप्प बसलो. इतकं चविष्ट गप्प बसणं मला आयुष्यात पुन्हा जमलं नाही.

दुसरे तज्ज्ञ गणपतीच्या पालीला गेले, विहिरी पालथ्या घातल्या, काही मिळालं नाही. पुढच्या अंकात कुणीतरी नमुने बनावट असल्याची शंका घेतली. आठवड्यात प्राध्यापकांचं पत्र: 'मास्तरसाहेब, जागेचा खुलासा तातडीने करावा.' आता मी साहेब झालो होतो. मी ते पत्र दोनदा वाचलं, चहा करून पुन्हा वाचलं.

बाबांना सांगितलं तर ते हसले, मग थांबले. "त्येंची जिरली, बरं झालं. पन मंग माजं शंख बी खोटं ठरलं न्हवं?"

आणखी एक अडचण होती: मालक पावसाळ्याआधी विहीर दगडांनी बांधून काढणार होते. एकदा बांधली की तो पट्टा कुणालाच दिसणार नव्हता. मी मसुदा केला: 'जागा कळवतो. आधी "अडाणी" हा शब्द छापून मागे घ्यावा, आणि तोंड डावीकडे कुणी पाहिलं ते लिहावं.' बाबांना तो पसंत पडला. मला मात्र मऊ वाटला. दुसरा केला, तिसरा केला. दरम्यान वैशाखात विहीर बांधून झाली.

मला वाईट वाटलं ते बाबांसाठी. प्राध्यापकांसाठी अजूनही वाटत नाही. पण कामांच्या यादीत, शाळेच्या छपराची कौलं आणि नवा फळा यांच्या मध्ये, 'पुण्याच्या पत्राला उत्तर' ही एक ओळ आहे. वरच्या-खालच्या दोन्ही कामांवर काट आहे. तिच्यावर नाही.