मावशी धरेल

मी हसलो होतो. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं डॉक्टरांच्या माथी मारणं सोपं आहे.

परळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो. लहान मूल रडतं, हलतं. कुणीतरी धरावं लागतं. आमच्याकडे ते काम ठरलेलं. मावशी धरेल. मावशी म्हणजे आयाबाई सुलोचनामावशी. मी किरण अडवणाऱ्या शिशाच्या आडोशामागे, मावशी मशीनखाली. एकदा एका मुलाच्या पायाचा एक्स-रे काढताना मी बिचकत मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, मावशींनाही लेड एप्रन द्यायला हवा."

"कशाला? या वयात आणखी पोरं काढायचीत का तिला?"

खोलीतले सगळे हसले. मीही. मावशी मान खाली घालून त्या मुलाचा पाय धरून राहिल्या. मी बटण दाबलं.

पुढे सहा वर्षं दाबत राहिलो. किरणांनी काय होतं ते मी शिकलेला माणूस. माझ्या छातीवर किरण मोजायचा बॅज. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. मावशींच्या अंगावर किती किरण गेले, ते कुणी मोजलंच नाही. साधी सुती साडी. बस्स.

यंदा डॉक्टरांची नात आली. मनगट मोडलेलं. एप्रन दोनच. एक त्यांनी स्वतः चढवला, दुसरा मुलीला दिला, त्या पोरीच्या आईला. वर तिला म्हणाले, "तू मागे हो गं, उगाच रेडिएशन नको." मग दाराकडे वळून, "ए मावशी, धर हिला."

म्हणजे त्यांना कळत होतं. इतकी वर्षं. मला कळत होतं तसंच.

"मी बटण दाबणार नाही," मी म्हणालो.

"बटण दाबायलाच ठेवलाय तुला. दुसरं येतं काय?"

"आईच्या अंगात एप्रन आहे. आईला धरू द्या."

पोर आईकडेच हात करून रडत होती. आई पुढे आली, तिनं धरलं. मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी मेमो आला. कामात अडथळा आणला म्हणून.

त्या संध्याकाळी मी डिलाईल रोडला मावशींच्या चाळीत गेलो. माफी मागितली. त्यांनी ना बस म्हटलं, ना चहा विचारला.

"हयां कित्याक सांगतंस? हसलंस तेव्हा सगळे होते मां?"

सकाळी सगळे जमले तेव्हा एक्स-रेच्या खोलीत सगळ्यांसमोर माफी मागायला उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "नाटकं बंद कर." मी बंद केली नाहीत. मावशींकडे बघून बोललो.

"मावशी, तुमची चेष्टा झाली तेव्हा मी हसलो. धोका माहीत असून सहा वर्षं तुम्हाला एप्रनशिवाय उभं केलं. मला माफ करा. करावंसं नाही वाटलं, तर नका करू. पण एप्रनशिवाय कुणालाही उभं केलं, तर या मशीनचं बटण मी दाबणार नाही."