घड्याळकाकांची पाचवी काडी

घड्याळकाकांनी एक्केचाळीस वर्षं लोकांची बंद घड्याळं चालू केली आणि त्यातून एकच गोष्ट शिकले: झाकण उघडल्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही. दुकान बंद करून तीन वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नव्हती. घरातला मिक्सर, दाराची बेल, बायकोचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी उघडून पाहिली होती. त्यातली बहुतेक अगदी ठणठणीत होती, म्हणजे काकांनी उघडेपर्यंत.

अशा माणसाच्या हाती थोरल्या बहिणीने, ताईने, अंजिराच्या काड्या द्याव्यात, आता काय बोलायचं?

पण ताईला तरी गावात भावाशिवाय दुसरं कोण होतं? आई गेली तेव्हा ती चौदाची आणि हे पाचाचे. तिनेच त्यांचे केस विंचरले, पाढे पाठ करून घेतले, कान पिळले. काका सहासष्ट वर्षांचे झाले तरी तिच्यासाठी ते 'छोट्या'च होते. आता तिने घर विकलं होतं. तीन महिन्यांनी ताबा द्यायचा आणि मुलाकडे दुसऱ्या गावी, चौथ्या मजल्यावर राहायला जायचं. मागच्या अंगणातलं अंजिराचं झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं, त्याच्या शेवटच्या आजारपणाच्या आदल्या वर्षी. नव्या मालकाला नेमकी तिथेच गाडी उभी करायची होती.

झाडाची पानं गळून गेल्यावर ताईने वीत वीत लांबीच्या पाच काड्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या आणि भावाकडे घेऊन आली.

"माझे हात थरथरतात रे आता. तुझा हात कसा स्थिर आहे. यांना तेवढी मुळं फुटवून दे, तिकडे गॅलरीत कुंडीत लावीन. या घरातून रिकाम्या हाताने निघवत नाही मला."

काकांची छाती फुगली. त्यांनी दह्याच्या पाच रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडली, भुसभुशीत माती भरली, कोंबांचे डोळे वरच्या बाजूला येतील अशा बेताने काड्या खोचल्या. प्रत्येक डब्यावर आकडा घातला. इथवर सगळं झकास झालं.

तिसऱ्या दिवशी त्यांचे हात शिवशिवायला लागले.

नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणत त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने पहिली काडी अलगद वर काढली, पाहिली आणि परत खोचली. काही नव्हतं. मग दुसरी. मग दिवसाआड पाचही. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी रोज अंथरुणातून ओढून काढलं तर तुम्हाला तरी झोप लागेल का?" काका म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." मातीतलं त्यांनाही काही कळत नव्हतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

पहिली काडी बुडाशी काळी पडून मऊ झाली. दुसरी वाळली. तेवढ्यात तिसरीला आणि चौथीला छानपैकी हिरवी पानं फुटली आणि काकांनी लगेच ताईला फोन लावला. "झाडं लागली, ताई!" चार दिवसांत तिसरीची पानं माना टाकून बसली. उपसून पाहिलं तर खाली मूळच नव्हतं. काडीने आपल्या पोटातली शिदोरी खाऊन पानं काढली होती, शिदोरी संपली आणि कारभार आटोपला. चौथीचं तसं झालं नाही. चौथीला मुळं होती. पांढरी, घड्याळातल्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगइतकी नाजूक दोन मुळं. काकांनी काडी वर ओढली तेव्हाच मुळं पटकन तुटली आणि डब्यातल्या मातीत राहिली.

आपणच मारलं, हे काकांना लख्ख कळलं होतं.

त्याच दुपारी ताईचा फोन आला. नव्या मालकाची माणसं मोकळी होती म्हणून त्याने झाड आजच तोडायचं का विचारलं आणि तिने हो म्हटलं होतं. "म्हटलं, जाऊ दे. तुझ्याकडे पाच आहेत ना?"

"आहेत की," काका म्हणाले. आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

बायकोने एकही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते काकांनी ओळखलं. तिने पाचवी काडी आपल्या ताब्यात घेतली. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावली, अंधार राहावा म्हणून ग्लासाला काकांचाच जुना लोकरी मोजा चढवला आणि फ्रिजवर ठेवून दिला. नियम एकच. रविवारी ती मोजा खाली करणार, काकांनी भिंगातून बाहेरून बघायचं, हात मागे बांधून.

पहिल्या रविवारी नुसती माती दिसली. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या आठवड्यात वर एक पान उलगडलं, पण काका आता पानाच्या भूलथापांना बधणारे नव्हते. त्यांची भूक गेली. ताईचा फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन बसत. चौथा रविवारही कोरडाच गेला.

पाचव्या रविवारी ग्लासाच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. ओरखडा असेल, म्हणून नियम विसरून त्यांनी बोटाने पुसून पाहिली. रेघ पुसली गेली नाही. ती आतून होती, आणि तिच्या शेजारी आणखी दोन होत्या.

"बघ गं," त्यांनी भिंग बायकोच्या हातात दिलं. तिने पाहिलं आणि मान डोलावली. काका तिथेच स्टुलावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे वाहत होते, आणि दोन्हींची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती. त्या दिवशी ते दोनदा जेवले.

ताबा दिला त्या दिवशी ताई निरोप घ्यायला आली. काकांनी ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. चिमटा, भिंग, तुटलेली मुळं, फोनवरची थाप.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई गेली त्या वर्षी मी घेवडा पेरला होता, आठवतो? रोज सकाळी उकरून बघायचास, आणि परत नीट पुरून ठेवायचास. मला कळू नये म्हणून वरून पाणी घालायचास."

काकांना आठवत नव्हतं.

"गॅलरीत कुंडी एकच मावते, छोट्या. मला एकच काडी हवी होती. चार तुझ्यासाठी कापल्या होत्या."

काकांनी वर पाहिलं. ताई हसत होती. तिने थरथरत्या हाताने मोजा खाली केला आणि मुळं नीट दिसावीत म्हणून काडीला बोट लावायला गेली.

"हात लावू नकोस," काका म्हणाले आणि त्यांनी मोजा वर ओढला.