तंगमामांची दहा पावलं

डिसेंबरचा दुसरा रविवार. खोगिरं एरंडेल लावायला काढली. तीन वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेलं कातडं पापडासारखं कडक झालंय. पुढच्या आठवड्यात सातवीच्या मुलींचं शिबिर: पुसेगावच्या माळावर दोन रात्री तंबूत मुक्काम आणि यंदा पुन्हा घोड्यावर बसायचा पहिला धडा. शाळेच्या दोन्ही घोड्या तीन वर्षं नुसता कडबा खाऊन आहेत. शिकवणारा मिळत नाही. एकच होता, तंगमामा.

तंग म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा. मामा तो दोनदा आवळत. एकदा आवळून घोडीला दहा पावलं चालवत, पुन्हा आवळत, मगच मुलीला वर घेत. "घोडं लबाड असतंय, पोरींनो. पट्टा बांधताना पोट फुगवून ठेवतं. धा पावलं चाललं की श्वास सोडतं, मग खरं माप कळतं." मुलींनी त्यांचं नाव तंगमामा ठेवलं. आवडलं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण हाकेला ओ देत.

हा नियम ते सगळ्यांनाच लावत. मी अधीक्षिका असलेल्या वसतिगृहात नवी स्वयंपाकीण आली आणि मी पहिल्याच दिवशी तिच्या भाकरीचं कौतुक केलं. "धा पावलं चालू द्या की बाई," मामा म्हणाले. चौथ्या दिवसापासून भाकरी कच्ची.

मामा बंजारा तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांवर धान्य लादून मुलूख फिरत. तंबूची जागा मामा जमीन हुंगून ठरवतात, असं मुलींना वाटे. खरं तर ते ओढ्याकाठी अडकलेला काडीकचरा बघत. "पाणी कुठवर येऊन गेलं, ते काडी सांगती." भिऊन रडणाऱ्या मुलीची ते समजूत काढत नसत. तिला घोडीच्या खुरातली माती काढायला देत. घोडीचा पाय हातात धरून रडत बसता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी, शिबिराच्या दुसऱ्या सकाळी, मामा पाणी आणायला ओढ्यावर गेले होते. मुली ताटकळल्या होत्या आणि मला उशीर खपत नाही. मी स्वतः तंग आवळला आणि साखऱ्यांच्या सारिकाला वर बसवलं. घोडी चालवून बघितली नाही. वीसेक पावलांवर खोगीर फिरलं. सारिका खाली आली, मनगट मोडलं.

मामा धावत आले. तिचा हात दोन कामट्यांत बांधला, मग तंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

संस्थेच्या बैठकीत सचिवांनी विचारलं, "तंग कुणी बांधला होता?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माह्याच हातचा, साहेब."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"तुमी गेल्यावर लेकरांना कोण बघंल? माहं काय, तांड्यावर शेत हाय."

मी परत आत जाऊन खरं सांगू शकले असते. गेले नाही. 'निष्काळजी' असा शेरा मारून त्यांना कामावरून कमी केलं आणि घोडेस्वारी बंद झाली. सारिकाचं मनगट दीड महिन्यात जुळलं.

रविवारी तेल लावायला सारिकाच आली होती. आता दहावीत आहे. पट्टा पुसता पुसता म्हणाली, "मॅडम, मामांनाच बोलवा ना."

"त्यांच्यावर शेरा आहे."

"तंग तर तुमी बांधला होता. मी शेजारीच उभी होते की."

माझा हात थांबला. "मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"मामांनी सांगितलं होतं, बाई सोताच सांगतील."

सोमवारी सकाळी चार ओळी लिहून सचिवांच्या हातात दिल्या. त्यांनी दोनदा वाचल्या, चष्मा काढला आणि "उद्या बोलू" म्हणाले. तिथूनच मी एसटी धरून तांड्यावर गेले. मामा तुरीच्या बांधावर बसले होते. मी काय करून आले ते उभ्यानेच सांगितलं.

"तीन वर्षं लागली व्हय बाई, धा पावलं चालायला?" ते हसून म्हणाले. मग अंगावरची माती झटकत उठले. "तंगाला तेल बराबर लावलं का न्हाई?"