माहेरच्या वाटीचं परमिट

निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, मी मेटल डिटेक्टर घेतला. हे मशीन वाळूवरून फिरवायचं, खाली धातू असला की ते ओरडतं आणि मी गुडघे टेकून खणायला बसतो. आजवर बाटल्यांची झाकणं, तंबूचे खिळे आणि एकदा कुणाचा तरी वाकडा चमचा, एवढी संपत्ती जमवली आहे. बायको त्याला सरळ भंगार म्हणते. पण खणण्याहून मला खरा आनंद मिळतो तो नियमांत.

इथे अमेरिकेत प्रत्येक किनाऱ्याचा मालक वेगळा. कुठे गावच्या ऑफिसातून परमिट काढायचं, कुठे राज्याचे नियम पाळायचे, आणि केंद्र सरकारचा किनारा असला तर, जुन्या मौल्यवान वस्तू कुणी खणून नेऊ नयेत म्हणून, मशीन गाडीतच ठेवायचं. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला परमिट म्हटलं की परमिट रूम आठवते; मी मात्र कुठेही फिरायला निघालो की आधी वेबसाइटवर परमिट शोधतो, मग हॉटेल. व्हिसाच्या रांगांत तरुणपण गेलेलं, त्यामुळे हातात कागद नसला की मला घाम फुटतो. आमच्या श्रूजबरी गावातले मित्र कुठल्या किनाऱ्यावर काय चालतं ते मलाच विचारतात, असं मी सांगत असतो. खरं म्हणजे विचारत कुणीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघंच समुद्रावर गेलो होतो. थर्मासमधला चहा झाला, डबे आवरले, टॉवेल झटकले, आणि बायको गळ्याशी हात नेऊन एकदम थांबली. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक गळून पडली होती. माहेरची. तिच्या आईने लग्नात दिलेली, आणि आई आता नाही.

"अहो, मशीन काढा ना!"

इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि किनारा नेमका केंद्र सरकारचा होता. "इथे अलाउड नाही गं," मी म्हणालो. तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी लिहीत नाही.

मी तडक किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या रेंजरबाईंना गाठलं. म्हटलं, परवानगीच मागू. पण गणवेश दिसला की माझं इंग्रजी अर्ज लिहिल्यासारखं होतं. "मॅडम, वी हॅव लॉस्ट अ स्मॉल गोल्ड बोल. व्हेरी ओल्ड. वन ऑफ अ पेअर." वाटीला दुसरं म्हणणार तरी काय? बाईंनी खिशातून पेन काढलं. भांडं केवढं आहे, मुळात सापडलं कुठे, आणखी काय काय खणून काढलंत? वर मी आपणहून सांगितलं की खणायचं मशीन गाडीत आहे. जी चोरी थांबवायला हे नियम केले, ती मी अगदी नम्रपणे कबूल करत होतो.

तेवढ्यात बायको मागून आली. तिने उरलेली वाटी पुढे धरली, करंगळीच्या नखाएवढी, आणि म्हणाली, "माय मदर गेव्ह मी द अदर वन."

बाईंनी पेन खिशात ठेवलं. मशीन नाही म्हणजे नाही, पण हाताने शोधायला हरकत नाही, असं म्हणून त्या आमच्याबरोबर वाळूत बसल्या. मी पिशवीतली चहाची गाळणी काढली आणि ओंजळ ओंजळ वाळू गाळत राहिलो. भरतीचं पाणी आमच्या चटईपर्यंत आलं तेव्हा बायकोच म्हणाली, आता पुरे. बिनमशीनचंसुद्धा मला एक झाकण तेवढं सापडलं होतं.

परतताना गाडीत तिचा हात सारखा गळ्याशी जात होता. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी तोडगे सुचवतो. "अगं, न्यू जर्सीला आपले सोनार आहेत. तशीच्या तशी करून घेऊ. मी देतो ना करून."

"तुमच्या घरची आहेच की गळ्यात," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माहेरची वाटी नवऱ्याने करून द्यायची नसते. तिचं परमिट कुणाकडे मिळतं, ते बघा तुमच्या वेबसाइटवर."