चाचांचं एका झाडाचं जंगल

आखातातल्या अल नहदा भागातल्या आमच्या बिल्डिंगखालचे लाँड्रीवाले चाचा रत्नागिरीचे. इस्त्री करता करता मोबाइलवर अमेरिकेच्या बातम्या ऐकतात. तिथल्या सरकारी जंगलांत केंद्राच्या पोलिसांचे अधिकार कमी करणारा कायदा येऊ घातलाय, त्यावर चाचा भलतेच खूश. "गावचं जंगल गाव सांभाळेल, खलास!" असं म्हणत एसीचं साठलेलं पाणी ते दुकानामागच्या गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाला घालतात.

काल माणसं ते झाड तोडायला आली, तर चाचा इस्त्री माझ्या शर्टावर तशीच ठेवून धावले. "थांबा, पोलिसांना बोलावतो!"

मी चक्रावलो. "चाचा, गाव सांभाळेल म्हणत होतात ना?"

"गावालाच पार्किंग हवंय!"

बिल्डिंगवाल्यांनी दिलेल्या पार्किंगच्या अर्जावर माझीही सही होती. जळका शर्ट मी इस्त्रीचे पैसे देऊन घेतला.