भिंतीवरचा तुरा

मुलांनो, तुमच्या आजीकडची जपानी फुलांची चित्रं तुम्हां दोघांत कशी वाटायची, असं तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलंत. मी "बघते" म्हणाले. आता बघून झालं आहे. या महिन्यात वरकुट्याचं घर बंद करून मी तुमच्या काकाकडे बारामतीला राहायला जाते आहे, त्या आवराआवरीत पत्र्याची पेटी उघडली. चित्रांना कसर लागली आहे. हात लावला की कागदाचा भुगा होतो. फोनवर हे सांगायचं त्राण नव्हतं, म्हणून लिहिते.

ही चित्रं माझ्या भावानं आणली होती. साखर कारखान्यातल्या यंत्रांचं काम शिकायला तो जपानला गेला होता. जुन्या चित्रांच्या छापील प्रतीच त्या, पण देखण्या. लांब गुंडाळ्या, खाली लाकडी दांडी. तिकडे भिंतीवर एका वेळी एकच चित्र लावतात आणि ऋतू बदलला की तेही बदलतात, असं त्यानं सांगितलं. मला ते फार पटलं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेलं, वेळापत्रकाची सवय. थंडी सरताना प्लमची काळी वाकडी फांदी आणि तिच्यावर मोजकी पांढरी फुलं. मग चेरी. पुढे पाण्याकाठची जांभळी आयरिस. शरदात चंद्राखालचं फुललेलं गवत. उतरवलेलं चित्र मलमलीत गुंडाळायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि पेटीत ठेवायचं.

तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ रोज चहाला येत. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. चित्रातला अर्धा कागद कोरा असतो, हे त्यांना खटकायचं.

"वैनी, रंग संपला काय त्या जपान्याचा?"

"आबा, ती मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते."

"आमी एवढं रान पड ठिवलं असतं, तर म्हाताऱ्यानं घराभाईर काढलं असतं."

एका वर्षी कारखान्याची ऊसतोड लांबली आणि आमच्या सगळ्या उसाला तुरा आला. रस्त्यानं जाणाऱ्याला ते रुपेरी झुपके छान दिसतात. पण तुरा आला की ऊस वाढायचा थांबतो, आतून पोकळ होत जातो. नेमकं त्याच आठवड्यात मी नेमाप्रमाणे गवताचं चित्र लावलं. आबा उंबऱ्यातच थांबले.

"वैनी, तुरा आल्याला ऊस घरात टांगलाय व्हय? रानात काय कमी हाय?"

"गवत आहे ते, आबा."

"मग काढा आन् म्हशीला टाका."

तुमचे आजोबा रानातून येऊन तसेच चिखलाच्या पायांनी खाटेवर बसले होते. आता तेही काढायलाच सांगणार, असं मला वाटलं. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्याची तोड न्हाय, वजन न्हाय. नुसतं बघायचं."

थंडी सरली, तरी त्यांनी ते उतरवू दिलं नाही. मी प्लमचं चित्र हातात घेऊन उभी.

"अहो, ऋतू संपला याचा."

"तुझा संपला असंल."

मी पुढच्या ऋतूला भांडले, त्याच्या पुढच्याही. मग कंटाळले. बाकीची चित्रं पेटीत राहिली ती राहिलीच. पुढे त्यांच्या आजारपणात पेटीकडे बघायला उसंत नव्हती. खाटेवरून ते त्या गवताकडे बघत पडून असत आणि मी औषधाच्या वेळा सांभाळत असे. ते गेल्यावर पेटीतला पाला बदलायचंही मनात येईना. जपून ठेवलेलं सगळं कसरीनं खाल्लं. भिंतीवर वारा लागत होता, तिथं ती फिरकली नसावी.

तेव्हा वाटायला चित्रं नाहीत. एक आहे, आणि ते दोघांत कसं द्यायचं याचा विचार करायचं बळ आज माझ्यात नाही. तूर्त ते माझ्याबरोबर बारामतीला येतं आहे. उन्हानं त्यातला चंद्र जवळजवळ पुसला गेला आहे, खालची दांडी निखळली आहे. गवत अजून स्पष्ट दिसतं.