पाजताना पाहिले : हो

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या जागेपाशी आले की विषय बदलते. देवालाही चकवायची सवय लागते माणसाला, ठाऊक आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलायला बसले आहे.

कुठून सुरू करू? माझ्या नजरेपासूनच करते.

जिवतीच्या डोंगरात एका गावी मी अंगणवाडी चालवते. गाव म्हणतं, बाईच्या नजरेतून काही सुटत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. एखादी आई लेकराला घेऊन आली, की मी लेकराच्या आधी आईचं तोंड बघायचे. ही खरं बोलते की खोटं? घरपोच आहाराचं पाकीट हिच्या घरी चुलीवर शिजतं, की शेळ्यांपुढे जातं? प्रशिक्षणात सांगतात, आईवर विश्वास ठेवा. मी मान डोलवायचे, आणि मनात म्हणायचे — चार महिने राहा आमच्या डोंगरात, मग सांगा.

मी खालची, राजुऱ्याकडची. लग्न होऊन वर आले. इथल्या गोंडांच्या घरांविषयी माझ्या मनात काय होतं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलते. मला वाटायचं, ही माणसं आपल्याला खरं सांगत नाहीत. विचारलं तर मान हलवतात, आणि घरी जाऊन करायचं तेच करतात. एवढंच वाटायचं. पण या एवढ्याशा वाटण्यावर मी पुढचं सगळं केलं.

मैना तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. माहेर राज्याच्या सीमेपलीकडचं. घरात गोंडी, माझ्याशी तुटक मराठी. नवरा लक्ष्मण घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. म्हणजे घरात ती आणि सासू भीमबाई, दोघीच. पहिल्यांदाच दिवस गेलेले. गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं, सोबत उकडलेलं अंडं. मैना भात-वरण जेवायची आणि अंडं हळूच पदरात घ्यायची. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "माझ्यासमोर खा." सगळ्या बायका बघत होत्या. तिनं खाल्लं. घास घशात अडकला तरी पाणी न मागता खाल्लं. ते अंडं ती कुणासाठी नेत होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

मुलगी झाली. जन्माला वजन चांगलं होतं, पावणेतीन किलो. महिन्याभरात ते जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅमनं वाढलं. काट्यावर ठेवलं की मुलगी रडायची, पण आवाज पातळ. मी मैनाला विचारलं, "पाजतेस का?"

"पाजतो ना बाई. दिवसभर पाजून राह्यलो."

दिवसभर पाजते, आणि वजन नाही? मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की ही खोटं बोलते आहे. त्यात एक दिवस त्यांच्या अंगणात शेळ्यांच्या पाटीत मी आमच्या पाकिटातलं पीठ बघितलं. भीमबाई म्हणाली, "त्याच्यात अळ्या होत्या, बाई." मी हसले. अळ्या! दुसऱ्या कुणाच्या पाकिटात निघाल्या नाहीत, हिच्याच बऱ्या निघाल्या. (माझ्या अंगणवाडीच्या खोलीचं छत कोपऱ्यात गळत होतं आणि त्या कोपऱ्यात पाकिटं रचलेली होती. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी हसले.)

मग मोहफुलांचे दिवस आले. सकाळी सगळं गाव झाडांखाली. मैना मला टोपली घेऊन फुलं वेचताना दिसली — एकटी. बाळ घरी, सासूजवळ. बस, माझा हिशेब जुळला. ही फुलं वेचते, सासू बाळाला शेळीचं दूध नाहीतर पाणी पाजते, आणि विचारलं की दोघी मिळून एकच सांगतात.

आता थांबू नये. थांबले तर राहूनच जाईल.

अशा बाळाच्या घरी जाऊन काय करायचं, हे मला शिकवलं होतं. एकदा नाही, तीनदा. आईशेजारी बसायचं. बाळाला छातीला लावल्यापासून ते आपणहून सोडेपर्यंत पूर्ण वेळ बघायचं. तोंड मोठं उघडतं का, हनुवटी छातीला टेकते का, घोट गिळल्याचा आवाज येतो का. आणि बाळाचं तोंड उघडून आत बघायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. फार काही नाही ना?

मी गेले. दारात उभी राहिले. मैना म्हणाली, "बाई, लय दुखते. रगत येते." तिनं पदर बाजूला करायला हात नेला. ती मला दाखवत होती. मी म्हणाले, "सगळ्यांनाच दुखतं. पहिल्या वेळी असंच असतं. बहाणे नको करू." आणि वळले. आत गेलेच नाही. तिच्या बोलण्यावर विश्वासच नव्हता, मग बघायचं कशाला? जिला मी आधीच खोटी ठरवली, तिच्याजवळ पाऊण तास कोण बसतं?

भेटीची नोंद मोबाईलवर भरावी लागते. आमच्या घरी रेंज येत नाही, शाळेमागच्या टेकाडावर येते. तिथं दगडावर बसून मी एकेक प्रश्न भरला. पाजताना पाहिले का? मी 'हो' दाबलं. बाळाचे तोंड तपासले का? 'हो'. खाली शेरा लिहायला जागा असते. त्यात मी लिहिलं — आई निष्काळजी.

त्यानंतर अजून दोन भेटी झाल्या. दोन्ही अशाच.

गावात मी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही, असं मला म्हणायचं होतं. पण तेही खरं नाही. पोषण आहाराच्या बैठकीत मी म्हणाले, "काही काही आयांना लेकरापेक्षा मोहफूल जास्त प्यारं." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं. लक्ष्मण आला तेव्हा त्याच्या कानावर गेलं. तो तिला काय बोलला मला माहीत नाही. भीमबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून सुनेला पाण्यालाही एकटी पाठवेना. आधी मी संशय घेत होते, मग घर घ्यायला लागलं. भीमबाई खरंतर तिच्या बाजूची होती हो. ती बाजू मी काढून घेतली.

दोन महिन्यांची झाली तेव्हा मुलीचं डोकं मोठं आणि हातपाय काड्या दिसायला लागले. आता मला भीती वाटली. बाळासाठी वाटली की रजिस्टरसाठी? दोन्हींसाठी म्हणते, तुम्ही हवं ते धरा. गाडी बोलावून मी तिघींना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई होती, तरुण. तिनं आधी मैनाला बाळ पाजायला लावलं आणि नुसती बघत बसली. काही विचारलं नाही. मग करंगळी बाळाच्या तोंडात घातली, जीभ उचलली. दोन मिनिटं लागली असतील. जीभ खालून पातळ पडद्यानं पुढेपर्यंत बांधलेली होती. बाळाला छाती धरताच येत नव्हती. हिरड्यांनी चावत होतं, म्हणून आईला जखमा. दिवसभर चोखूनही पोटात काही जात नव्हतं.

म्हणजे मैना दिवसभर पाजत होती. खरंच दिवसभर.

पडदा कापायला दुसऱ्या खोलीत नेलं. भीमबाई बाळाबरोबर आत गेली, मैना बाहेर बाकावर बसली. डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, यात आईचा काही दोष नाही. हे तिला आणि तिच्या सासूला नीट समजावून सांगा, तुमचं ऐकतील. दूध कमी झालंय, पण परत वाढेल. आठवडाभर रोज तिच्याजवळ बसा." आणि मग सहज विचारलं, "आधी कुणी पाजताना बघितलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "बघितलं होतं ना मॅडम. तेव्हा बरोबर घेत होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मला अजून वाटतं, तिला कळलं होतं. पण आतून बोलावलं आणि ती गेली.

मी बाकाजवळ आले. मैनानं वर बघितलं आणि विचारलं — हा प्रश्न मी शब्दन् शब्द सांगू शकते —

"बाई, मंग माझं दूध खराब नव्हतं ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. मग कुणाचं चुकलं? मग तुम्ही काय बघितलं, बाई? तिनं नसता विचारला, तरी भीमबाईनं विचारला असता. मला तो प्रश्न बाकावर, तिच्या शेजारी बसलेला दिसत होता.

मी म्हणाले, "झालं ते झालं. आता पुढे लक्ष देत जा."

तिनं मान हलवली. विचारलं की मान हलवतात, असं मी या लोकांविषयी म्हणायचे ना? तशीच हलवली. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ती मान का हलते. पुढे काही बोलायची जागाच आपण ठेवत नाही, म्हणून.

भीमबाई बाळ घेऊन बाहेर आली. तिला मी सांगितलं, जिभेला छोटासा काप दिलाय, काळजीचं कारण नाही. दोषाचं वाक्य गाळलं.

आठवडाभर रोज जाऊन बसायचं होतं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा दारातून विचारलं, "ठीक ना?" आतून उत्तर आलं, "ठीक." तिच्यासमोर बसायची छाती नव्हती. दूध परत वाढलं नाही. भीमबाईनं बाटली आणली. मुलगी वाचली. अंगानं बारीकच राहिली, पण आता शाळेत जाते.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. मैनानं तिला एकदाही छातीला लावलं नाही. पहिल्या दिवसापासून बाटली. नर्सनं सांगितलं, मी सांगितलं, ती ऐकेना. म्हणे, "माझं दूध नाई पुरत पोराईले." त्या मुलीची जीभ मी दुसऱ्याच दिवशी उघडून बघितली होती. चांगली मोकळी होती. ती छाती भरून प्याली असती. पावसाळ्यात तिला हगवण लागली, दोनदा भरती करावं लागलं. कुपोषित मुलांच्या यादीत तिचं नाव माझ्याच हातानं लिहिलं.

गेल्या वर्षी स्तनपान सप्ताहाचा कार्यक्रम आमच्या अंगणवाडीत झाला. पर्यवेक्षिका आल्या होत्या. म्हणाल्या, एखाद्या आईनं अनुभव सांगावा. कुणी उठेना. मग मागून मैना उठली. मला वाटलं — आता. तिला कुणीतरी सांगितलं असेल, दवाखान्यातल्या कुणी सांगितलं असेल, आज ती सगळ्यांसमोर बोलणार. खरं सांगू? भीतीबरोबर थोडं हायसंही वाटलं.

ती म्हणाली, "पयल्या पोरीच्या वक्ती मी नीट लक्ष नाई देल्लं. माह्याच चुकीनं पोरगी सुकली. बाई सांगून राह्यली होती, मी आयकत नव्हती. बाईनं दवाखान्यात नेलं म्हणून जगली. तुमी माह्यासारकं करू नोका."

भीमबाई माझ्या बाजूलाच बसली होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पर्यवेक्षिका माझ्याकडे बघून हसल्या.

मीही टाळ्या वाजवल्या.

मैनाला आता पुन्हा दिवस गेलेत. सातवा महिना चालू आहे. दर मंगळवारी वजनाला येते. परवाही आली होती, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिचं वजन केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढची तारीख सांगितली.